खोपीतला दिवस

पहाटे 5. गळिताचा हंगाम चालू आहे, त्यामुळे अंकुशनगरला रात्र अशी होतच नाही. समर्थ कारखान्याचे दिवे लांबून दिसतात, उसाचे ट्रॅक्टर सरकत असतात. मी आधी धुराडं बघतो. धूर ज्या अंगाला कलतो तिकडे वारा, आणि हरभऱ्यावर येणाऱ्या काळविटांना माझा वास लागू नये म्हणून वाऱ्यावरून कोणत्या खोपीत बसायचं ते ठरतं. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या दोन खोपी केल्यात, दोन्ही जमिनीलगत. माळ्यावरचा माणूस उजाडताना आभाळात उठून दिसतो आणि काळविटाची नजर फार तीक्ष्ण.

5.30. आत शिरलो. हरभऱ्यातून येताना दहिवरात मिसळलेली आंब पायाला चरचरते. मोबाईल बंद. आता खोकायचंही नाही.

7. आले. एक काळा नर, सात हरण्या, तीन पाडसं. पुढे एक हरणीच आहे. ती थांबली की सगळे थांबतात. नराची पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ. पहिल्या थंडीत शेंडे खाल्ले तर फारसं वाटत नाही, फुटवे यावेत म्हणून आपणही हरभरा खुडतोच. आता मात्र घाटे धरलेत. एकेक तोंड खाली जातं तसं माझ्या पोटात कालवतं, आणि तरीही डोळे हटत नाहीत.

अशाच दबा धरण्यातून पूर्वी शिकार व्हायची. पारधी फासे मांडून वाट बघत. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते बैलगाडीतून नेऊन काळविटांवर सोडत, कारण गाडीला ती बुजत नसत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घेतलं. ते योग्यच झालं. माझ्याकडे फासा नाही, वही आहे: किती आली, कुठून आली, कोणते वाफे खाल्ले.

7.20. उठून डबा वाजवला. पाडसंसुद्धा उड्या घेत माळाकडे गेली. पडीक रानात चरली तर मी त्यांना हात लावत नाही.

9. खाल्लेल्या वाफ्यांचे फोटो काढले, खुरांचे ठसेही.

दुपारी घरची कामं, थोडी झोप.

4. पुन्हा खोप. दिवस मावळेपर्यंत कळप बांधावर फिरकला नाही. रात्री रानडुकरं येतात, तेव्हा भावाची पाळी.

शेजारच्या शेतकरी भावांना हात जोडून सांगणं आहे: कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. त्या तारेला हरीण चिकटतं, तसं पाणी द्यायला गेलेलं पोरही चिकटतं. हरीण, रोही, रानडुक्कर यांनी पीक खाल्लं तर वन विभागाकडून भरपाई मिळते. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत ते वाफे मोडू नका.