पाणी थांबवायची चावी

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. सकाळच्या लोकलने कामावर गेलेल्या माणसाला दुपारी घरून फोन आला, तर तो हातातलं काम टाकून निघाला तरी दोन तास कुठे गेले नाहीत. आणि तो फोन कसला असतो, हे नायगाव, वसई, नालासोपारा, विरारच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना सांगायला नको: ‘अहो, तुमच्या घरातून खाली पाणी येतंय.’ दाराला कुलूप. खालच्या मजल्यावर वहिनींनी छताखाली बादल्या लावलेल्या. वॉचमन गच्चीवर धावतो. टाकीखालून सात-आठ पाइप उतरलेले आणि प्रत्येकावर एक चावी, पण कुठली चावी कुठल्या घरांची हे माहीत असलेला प्लंबर गावी गेलेला. वॉचमन मग दिसेल ती चावी फिरवायला घेतो. काही फिरतात, काही गंजून घट्ट बसलेल्या, एकीचं चाक तर सुटून हातातच येतं.

तोवर किती पाणी जातं, याचा साधा हिशेब मांडता येतो. गच्चीवरच्या टाकीपासून जितकं खाली जावं तितका दाब वाढतो, दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो. सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या नळाला जवळपास दोन किलोचा दाब मिळतो. त्या दाबाला गिझरची किंवा फ्लशच्या टाकीची लवचीक नळी फुटली, तर मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज बाहेर पडतं. म्हणजे तासाभरात हजार लिटर. मालक चर्चगेटहून पोहोचेपर्यंत सोसायटीच्या टँकरचा पाचवा हिस्सा जिन्यावरून वाहून गेलेला असतो.

हे पाणी इथवर येतं कसं, तेही आठवावं. उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड ही जवळची धरणं वाढत्या वस्तीला कधीच अपुरी पडली. मग डहाणू-विक्रमगडच्या बाजूला सूर्या नदीवर बांधलेल्या धामणी धरणाचं पाणी आणावं लागलं. एमएमआरडीएच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारचा वाटा रोज १८५ दशलक्ष लिटरचा. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली. पाणी मात्र या शहराने नेहमी मागूनच मिळवलं. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांना तेवढ्या आपल्या विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, होती. पावसाचं गोडं पाणी बावखलात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि केळी-पानवेलींना पुरायचं. त्या पट्ट्याला धक्का लागू नये म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने केलेली आंदोलनं जुन्या वसईकरांच्या अजून लक्षात आहेत. पाण्यासाठी इतकं झगडलेल्या गावात घराघरात ते हवं तेव्हा थांबवायची सोय नसावी, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही सोय महाग नाही, अवघडही नाही.

ही सोय म्हणजे पाइपच्या वाटेत बसवलेली, पाणी पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू करणारी चावी. नळ वापरासाठी असतो, ही चावी दुरुस्तीसाठी आणि संकटासाठी. वॉश बेसिनखालचा अँगल कॉक हे तिचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप. नळाचा वॉशर बदलायचा असेल तर तेवढा कॉक बंद करून काम उरकतं, घरातलं बाकी पाणी चालू राहतं. अँगल कॉक नसेल तर बाथरूमची लाइन बंद करावी लागते. तिलाही चावी नसेल तर गच्चीवरून अख्खी उभी लाइन बंद होते आणि एका वॉशरपायी सात घरांची आंघोळ खोळंबते.

आपल्याकडे जुन्या इमारतींत सर्रास दिसतो तो गेट व्हॉल्व्ह. चाक फिरवत गेलं की आत धातूचा एक पडदा खाली उतरतो आणि वाट अडवतो. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच ठेवायचा. ‘पाणी जरा कमी येऊ दे’ म्हणून अर्धवट ठेवला की पडदा पाण्याच्या धारेत थरथरतो, त्याच्या कडा झिजतात, आणि पुढे बंद केला तरी पाणी झिरपत राहतं. बॉल व्हॉल्व्हमध्ये भोक असलेला गोळा असतो आणि दांडी पाव फेरा वळवली की काम झालं. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. अंधारात, घाईत, वॉचमनला किंवा घरातल्या आजींनाही हाताने चाचपून कळतं. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना टेफ्लॉनच्या कड्या असतात. टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अमेरिकेत लागला, आणि ते हाती आल्यावर पाणी खरोखर अडवणारे बॉल व्हॉल्व्ह सर्रास बनू लागले. घरात नवी चावी बसवायची असेल तर बॉल व्हॉल्व्हच बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वसईत त्यातही एक वेगळी अडचण आहे. समुद्र आणि खाडीजवळच्या बोअरचं पाणी खारं, आणि अनेक सोसायट्या पालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून तेच वरच्या टाकीत मिसळतात. खाऱ्या पाण्यात पितळेचं काय होतं, हे एखादी तुटलेली चावी हातात घेऊन पाहावं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. क्लोराइडमुळे त्यातलं जस्त हळूहळू विरघळून निघून जातं आणि मागे तांब्याचा सांगाडा उरतो. बाहेरून चावी धड दिसते. तुटलेल्या जागी पाहिलं तर पिवळ्या पितळेऐवजी लालसर, भुसभुशीत थर दिसतो, नखाने खरवडला तरी निघणारा. अशा चावीच्या स्पिंडलला, म्हणजे चाकाच्या दांड्याला, पाना लावून जोर दिला की तो मोडतो, आणि पडदा आत जिथे असेल तिथेच अडकतो. म्हणून खारं पाणी असेल तिथे हलकं पितळ घेऊच नये. गनमेटलची चावी घ्यावी, तिच्यात जस्त कमी आणि कथील असतं. आयएस ७७८ हे भारतीय मानक अशाच तांबे-मिश्रधातूंच्या व्हॉल्व्हसाठी आहे, ते चिन्ह पाहून घ्यावं. थंड पाण्याच्या लाइनला यूपीव्हीसी प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्हही चांगला, खाऱ्या पाण्याचा त्याला त्रास नाही. पण गच्चीवरच्या उन्हात यूपीव्हीसी ठिसूळ होतं, तेव्हा त्यावर रंगाचा हात किंवा झाकण हवंच. गरम पाण्याला यूपीव्हीसी अजिबात नको, ४५ अंशांपलीकडे त्याचा भरवसा नाही. तिथे सीपीव्हीसी.

चावी कुठे बसवायची, हे तिच्या जातीइतकंच महत्त्वाचं. स्वयंपाकघर, प्रत्येक बाथरूम, गिझर, वॉशिंग मशीन, पाणी शुद्ध करायचं यंत्र, फ्लशची टाकी, प्रत्येकाला आपापली चावी असावी. पण वसई-विरारसाठी मी सगळ्यात वर ठेवीन ती घराबाहेरची चावी. इथे बरीच घरं दिवसभर बंद असतात. घरातली चावी कितीही चांगली असली तरी कुलपाआड तिचा उपयोग शून्य. प्रत्येक मजल्यावर, जिन्याजवळ किंवा डक्टच्या दारामागे हात पोहोचेल अशी, घराचा नंबर लिहिलेली चावी असेल तर शेजारीही पाणी बंद करू शकतो. जुन्या इमारतींत ते शक्य नसेल तर निदान गच्चीवरच्या प्रत्येक उतरत्या लाइनवर ऑइल पेंटने लिहावं: ‘बी विंग, १०१ ते ७०१, स्वयंपाकघर’. चावीशेजारी एक युनियनही बसवून घ्यावा, म्हणजे उद्या चावी बदलताना पाइप कापावा लागत नाही. पंपाच्या लाइनवर आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि त्याच्या वर चावी, नाहीतर नॉन रिटर्न साफ करताना उभ्या पाइपातलं सगळं पाणी पंपरूममध्ये कोसळतं. गच्चीच्या टाकीचे दोन कप्पे असतील तर दोघांना स्वतंत्र चाव्या हव्यात, म्हणजे एक धुताना दुसऱ्यावर इमारत चालते.

चावी बसवली आणि विसरली, तर तीही अडकते. सहा महिन्यांतून एकदा ती पूर्ण बंद करून पुन्हा उघडावी. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यावा, म्हणजे स्पिंडल जाम होत नाही. आणि बॉल व्हॉल्व्ह कितीही सोपा असला तरी झटक्यात बंद करू नये. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचं गणित मांडलं: सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी लोखंडी पाइपात एकदम अडवलं तर बारा-तेरा किलोचा जादा दाब क्षणभर उसळतो. भिंतीतून ‘धप्प’ असा आवाज येतो तो याचाच. प्लॅस्टिकच्या पाइपात तो कमी, तरी सांधे ढिले करायला पुरेसा.

खर्चाचा प्रश्न निघाला की सोसायटीच्या सभेत वाद होतो. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या जलवाहिन्या, पंप आणि टाक्या यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, घरातली सदस्याच्या. तेव्हा गच्चीवरच्या चाव्यांचा खर्च दुरुस्ती निधीतून करायला कुणी का-कू करू नये.

चावी असून ती कुठे आहे हेच माहीत नसेल, तर तिचाही उपयोग नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये अचानक कडाक्याची थंडी पडून असंख्य घरांतले पाइप गोठून फुटले, तेव्हा घराची मुख्य चावी कुठे आहे हे माहीत नसलेल्यांचं फार नुकसान झालं. आपल्याकडे हिवाळ्यात पाइप गोठत नाहीत, पण गिझर सगळीकडे आहेत, आणि गिझरपाशी चावी चुकीच्या जागी बसवणं धोक्याचं आहे.

पाणी पंचवीस अंशांपासून पंचाहत्तर अंशांपर्यंत तापलं की दोन टक्क्यांहून थोडं अधिक फुगतं. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये ते तीनशे चाळीस मिलीलिटरच्या आसपास भरतं, आणि तेवढ्याला बाहेर पडायला वाट हवी. त्यासाठी थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. बंद करायची चावी या सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी बसवायची. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कधीही नाही. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडले तर ती बिघाडाची खूण नाही, तो आपलं काम करतोय. ‘गळतंय’ म्हणून त्याचं तोंड बुचाने बंद करणारे लोक आहेत. त्यांनी ते बूच आजच काढावं. गच्चीवरच्या सोलर हीटरची हवा जाणारी उभी नळीही तशीच मोकळी हवी, तिच्यावर चावी बसवूच नये.

नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आटोपून बरीच मंडळी सुट्टीत गावी जातात. निघताना आधी गिझरचं बटण, मग त्याची चावी, शेवटी घराची मुख्य चावी बंद करावी. दिवसाआड पाणी येणाऱ्या इमारतीत नळ कोरडा दिसला तरी तो बंद आहे ना, ते पाहावं. पाणी नसताना उघडा राहिलेला नळ लाइन सुरू झाली की घरभर पाणी करतो. परत आल्यावर घराची मुख्य चावी हळूहळू उघडावी, मग गिझरची. गरम पाण्याचा नळ चालू करून धार अखंड येईपर्यंत थांबावं. रिकाम्या गिझरची कॉइल काही मिनिटांत जळते, म्हणून बटण त्यानंतरच लावावं.