चैत्रांतील उघड्यावरची पंगत

जपानी लोकांची एक जुनी म्हण आहे. तिचा भावार्थ इतकाच कीं, फुलांपेक्षां लाडू बरा. वसंतांत चेरीचीं झाडें बहरलीं म्हणजे तेथील आबालवृद्ध घराबाहेर पडतात, झाडाखालीं चटया पसरतात आणि वरचीं फुलें पाहत पाहत डब्यांतले पदार्थ खातात. ह्या सोहळ्यास 'हानामी' म्हणतात. 'हाना' म्हणजे फूल आणि 'मी' म्हणजे पाहणें. परंतु पाहणें नांवापुरतें व खाणें मनापासून, असें जें जगांत सर्वत्र होतें तेंच तेथेंही होतें. म्हणून ती म्हण. म्हणींतला लाडू म्हणजे 'डांगो'. तांदुळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या बांबूच्या काडीस ओंवून देतात. वसंतांतल्या डांगोंत एक गोळी गुलाबी, एक पांढरी व एक हिरवी असते. चेरीच्या खारवलेल्या पानांत गुंडाळलेलें एक पक्वान्नही ह्याच दिवसांतलें. हळदीच्या पानांतल्या पातोळ्या ज्यांनीं खाल्ल्या आहेत त्यांस ह्या पानाच्या वासाचें महत्त्व सांगावयास नको.

हा सोहळा एके काळीं मोठ्यांचा होता. तोयोतोमी हिदेयोशी ह्या बलाढ्य सत्ताधीशानें १५९८ सालीं क्योतो येथील दाइगो मंदिराच्या परिसरांत पुष्पदर्शनाची जी मेजवानी दिली तिची आठवण तेथें आजही काढतात. पण तिचें निमंत्रण त्याच्या परिवारांतील स्त्रियांस व सरदारांस होतें. पुढें अठराव्या शतकांत शोगुन योशिमुने ह्यानें आसुकायामा नांवाच्या टेकडीवर चेरीचीं झाडें लावविलीं, तीं मात्र सामान्य नगरजनांसाठीं. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे ह्यांच्या नांवाचें जें उद्यान आहे, तें ओकायामा शहरांतील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेलें आहे. तें मूळ उद्यानही १७०० सालीं पुरें झालें तें तेथील सामंतासाठीं, आणि लोकांस खुलें झालें तें १८८४ सालीं. ह्याच ओकायामाची एक दंतकथा आहे. सामंतानें काटकसरीचा हुकूम काढला कीं, प्रजेच्या जेवणांत एक सार व एकच तोंडीलावणें असावें. प्रजा आज्ञाधारक, तिनें सगळीं तोंडीलावणीं भाताखालीं दडवून पात्र एक केलें! त्या भातांत मासळी असते, म्हणून आमच्या वाचकभगिनींस कृति देत नाहीं.

आमच्या करवीर नगरींत चेरी नाहीं. आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरलेल्या असतात, कडुनिंबास बारीक पांढरा फुलोरा येतो, पन्हाळ्याच्या वाटेवर कोठें कोठें पळस पेटलेला दिसतो. परंतु 'फुलें पाहावयास चला' असें म्हणून आमचा कोल्हापूरकर घराबाहेर पडत नाहीं. तो देवाच्या नांवानें बाहेर पडतो, आणि मग तेथें जेवतो. पौष-मार्गशीर्षांत ओढ्यावरच्या रेणुकेची अंबील झाली, आषाढांत त्र्यंबोलीची यात्रा झाली, कीं उघड्यावरच्या जेवणाचे दोन प्रसंग झाले. तिसरा व सर्वांत मोठा चैत्रांतला, जोतिबाचा.

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १७ किलोमीटरांवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. चैत्री पौर्णिमेस तेथें लाखों माणूस लोटतें. उंचच उंच सासनकाठ्या नाचत येतात. पहिला मान सातारा जिल्ह्यांतील पाडळीच्या काठीचा. गुलाल व खोबरें ह्यांची उधळण इतकी होते कीं, डोंगर, देऊळ व माणूस ह्यांचा रंग एकच होतो. देवास दवणा वाहतात. दवणा म्हणजे संस्कृतांतील दमनक. पंचतंत्रांतील एका धूर्त कोल्ह्याचेंही नांव तेंच आहे, ही गोष्ट आम्ही वर्गांत सांगत असूं तेव्हां मुलांस दवण्यापेक्षां कोल्हाच अधिक लक्षांत राही. यात्रेच्या दिवशीं सायंकाळीं देवाची पालखी यमाईच्या भेटीस निघते, आणि 'चांगभलं'च्या गजरांत शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं.

पण वाचकांनीं एकदां तरी पालखीच्या आधींची दुपार पाहावी. डोंगराच्या उतारावर, मिळेल त्या सावलींत, तीन दगडांच्या चुली पेटलेल्या असतात. कऱ्हाडकडचे, सोलापूरकडचे, कर्नाटकांतले यात्रेकरू आपापल्या गांवच्या गटानें उतरलेले असतात. कोणी पुरणपोळीचा नैवेद्य करतो, कोणी घरून बांधून आणलेली भाकरी, खर्डा व कांदा सोडतो. शेजारच्या चुलीवरून आमटीची वाटी येते, इकडून दह्याचें भांडें जातें. कोण कोणाचा हें विचारावयास कोणास सवड नसते. डोंगराच्या वाटेवर गायमुखापाशीं मोठें अन्नछत्र चालतें. तेथें मध्यरात्रींही माणसें भात-आमटी जेवतांना आम्हीं पाहिलीं आहेत. पंगतींत बसलेला गृहस्थ शेतकरी आहे कीं कारखानदार हें गुलालामुळें कळत नाहीं, आणि वाढणाराही तितकाच रंगलेला असल्यामुळें त्याचेंही कळत नाहीं. त्याच वाटेवर कारागीर मंडळी यात्रेकरूंच्या बिघडलेल्या दुचाक्या विनामूल्य दुरुस्त करून देत बसलेली असते. हें पाहून आम्हांस नेहमीं वाटतें कीं, अन्नदानाची व्याख्या आमच्या कोल्हापूरकरांनीं बरीच विस्तृत केली आहे.

२०२० व २०२१ सालीं साथीच्या भयानें हा डोंगर यात्रेविना राहिला. २०२० च्या वसंतांत तोक्योमध्येंही झाडाखालीं मेजवान्या करूं नयेत असें लोकांस सांगण्यांत आलें होतें. फुलें तेथें फुललीं, दवणा येथें उगवला, आणि माणसें दोन्हीकडे घरांत. २०२२ सालीं यात्रा पुनः भरली तेव्हां अन्नछत्राच्या दारांत एक म्हातारा शेतकरी नुसता वास घेत उभा होता. 'बाबा, बसा कीं', असें वाढप्यानें म्हटलें, तेव्हां तो म्हणाला, 'बसतो लेका. दोन वर्सं झाली, आदी बघून घेतो.'

चैत्रांतल्या उघड्यावरच्या खाण्यांत गुऱ्हाळाचा उल्लेख न करणें हा कृतघ्नपणा होईल. गुऱ्हाळाचा हंगाम ह्या सुमारास संपत येतो. मोठ्या काहिलींत रस उकळत असतो, रानभेंडीच्या चिकट रसानें मळी वर येते ती काढून टाकतात, चुलवाणांत चिपाडें जळत असतात, आणि पाक नेमका कोणत्या क्षणीं उतरवावयाचा हें गुळव्या केवळ बुडबुड्यांवरून ओळखतो. ह्या विद्येस परीक्षा नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. गुऱ्हाळावर आलेल्यास रस पाजल्यावांचून परत पाठवावयाचें नाहीं, ही जुनी रीत. रसांत लिंबू पिळून घ्यावें. गरम काकवी मात्र बोटानेंच खावी. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु साखर कारखान्यांपुढें गुऱ्हाळें कमी होत गेलीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं रात्रीं अंबाबाईचा रथ नगरांत निघतो. रांगोळ्या, दारूकाम, दिव्यांच्या माळा. वाटेवर कोणी प्रसाद वाटतो, कोणी सरबत देतो. रथ भाऊसिंगजी रस्त्यावर येतो तेव्हां आम्हांस एका चहाच्या दुकानाची आठवण होते. राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत (१८९४–१९२२) गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थानें महाराजांच्या साहाय्यानें ह्या रस्त्यावर चहाचें दुकान घातलें. गिऱ्हाईक येईना. तेव्हां महाराज स्वतः गाडींतून येऊन तेथला चहा घेऊं लागले, आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांसही पाजूं लागले. महाराजांस हुकूम काढतां येत नव्हता असें नाहीं. १९१९ सालीं त्यांनीं सार्वजनिक ठिकाणीं अस्पृश्यता पाळण्याविरुद्ध हुकूम काढलेही. पण चहाचा पेला भर रस्त्यांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत तोंडास लावणें ही गोष्ट निराळी. घरांतल्या जेवणांत कोण आलें नाहीं हें दिसत नाहीं. रस्त्यांत दिसतें.

आतां आमच्या घरांतल्या वसंतोत्सवाकडे वळूं. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. त्या अवधींत एके दिवशीं हळदीकुंकू. अंगणांत चैत्रांगण काढावें, गौरीपुढें आरास मांडावी, आणि आलेल्या स्त्रियांस आंब्याची डाळ, पन्हें व भिजवलेले हरभरे द्यावे. पन्हें म्हणजे संस्कृत पानक. श्रीहर्षाच्या रत्नावली नाटिकेचा पहिला अंक वसंतोत्सवाचाच आहे, परंतु त्या राजेलोकांस कैरीची डाळ ठाऊक नसावी, ह्याबद्दल आम्हांस त्यांची कींव येते.

आमच्या बालपणीं हा समारंभ वाड्याच्या चौकांत होई. चौक म्हणजे निम्में उघड्यावरच. आमच्या एक आत्या होत्या. विसाव्या वर्षीं पति गेल्यावर त्या माहेरीं परतल्या. डाळ त्या वाटीत. पहांटे भिजत घालणें, कैऱ्या किसणें, भरड वाटणें, शेवटीं हिंग-मोहरीची फोडणी, सर्व त्यांचें. गल्लींतल्या बायका म्हणत, तुमच्याकडच्या डाळीसारखी डाळ कोठें नाहीं. परंतु दुपारीं चौकांत सतरंजी पडली कीं आत्या स्वयंपाकघराचें दार आड करून आंत बसत. आम्हां मुलांच्या हातीं द्रोण बाहेर पाठवीत आणि रिकामें पातेलें परत आलें कीं विचारीत, 'पुरली का रे?' पन्नास वर्षें होऊन गेलीं. अण्णासाहेब कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला तो १८९३ सालीं, म्हणजे त्या दुपारच्या कितीतरी आधीं. आणि आमच्या घरीं त्यांची तसबीरही होती.

ज्या गोष्टीस आम्हां सुशिक्षित कुटुंबांत इतका विलंब लागला तिला ह्याच जिल्ह्यांतील एका गांवानें तोंड फोडलें. शिरोळ तालुक्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं, पति निवर्तल्यावर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें हे प्रकार गांवांत होऊं नयेत. त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींपुढें हा कित्ता ठेवला. ठरावानें मनें एका रात्रींत बदलत नाहींत हें आम्हीं जाणतों. तथापि एक प्रश्न आम्हीं आमच्या मंडळींपुढें अनेकदां मांडला आहे. कुंकवाविषयीं ज्याचा आग्रह असेल त्याच्याशीं वाद नंतर घालूं. परंतु डाळीस व पन्ह्यास कोणता मंत्र लागतो? कैरी आंबट आहे, ऊन कडक आहे, आणि तहान सर्वांस सारखीच लागते.

आतां वाडे गेले. आम्हीं ज्या इमारतींत राहतों तिला चौक नाहीं. दिवाणखान्यांत पंधरा माणसें झालीं कीं सोळाव्यानें जिन्यांत उभें राहावें. त्यामुळें कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या सूनबाईंनीं समारंभ इमारतीच्या मागल्या मोकळ्या जागेंत, आंब्याच्या झाडाखालीं हलविला. फलकावर त्यांनीं इतकेंच लिहिलें: 'चैत्रगौरीची डाळ व पन्हें. इमारतींतील सर्वांनीं यावें.' 'सुवासिनींनीं' हा शब्द त्यांनीं मुद्दाम लिहिला नाहीं. हें आमच्या लक्षांत आलें, इतरांच्याही आलें. आमच्या नात्यांतल्या एक वहिनी आल्या, खुर्च्यांकडे एकवार पाहिलें, आणि 'माझी डाळ घरीं पाठवा' म्हणून निघून गेल्या. आम्हीं त्यांस थांबविलें नाहीं, डाळही पाठविली.

खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बराच वेळ उभ्या होत्या. सूनबाई जवळ गेल्या तेव्हां त्यांनीं हळूच विचारलें, 'मी आले तर चालेल ना गं?'

'आजी, तुमच्यासाठींच थांबलोंय. डाळींत मीठ बरोबर आहे का तेवढें सांगा आधीं.'

आजींनीं चमचाभर डाळ घेतली, डोळे मिटून चाखली, आणि म्हणाल्या, 'मीठ ठीक आहे. फोडणी निवायच्या आधीं ओतलीस.' मग त्या बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. धुणेंभांडें करणाऱ्या बायका मुलांसकट आल्या, पहारेकरी व त्याची पत्नी आलीं. डाळ संपली, पन्हें संपलें, शेवटीं हरभऱ्यांवर काम भागविलें.

तेव्हांपासून दरवर्षीं हा समारंभ झाडाखालीं होतो, आणि फोडणी आजींच्या देखरेखीखालीं होते. त्यांची रीत अशी: हरभऱ्याची डाळ चार तासांहून अधिक भिजवूं नये. वाटतांना पाणी घालूं नये. कैरी आंबट असेल तर एक किलो डाळीस पाव किलो कीस पुरतो. फोडणी पूर्ण निवल्यावर मगच ओतावी, नाहीं तर ओल्या खोबऱ्यास वास येतो. समारंभ उघड्यावर असेल तर डाळ उन्हें उतरल्यावर कालवावी, सकाळची डाळ चारपर्यंत आंबते. पन्ह्यास कोल्हापुरी गूळच घ्यावा व भांडें मातीचें असावें. गेल्या वर्षीं तीन किलो डाळ केली होती. ती सहाच्या आंत संपली, आणि आजींनीं यंदां पांच किलोंची यादी माघांतच सूनबाईंच्या हातीं दिली आहे.