शहरातला फ्लॅट आणि विजेचा मीटर

मुलगा नोकरीला लागला किंवा मुलीचे कॉलेज पुण्या-नाशिकला ठरले, की शेतकरी कुटुंबाचे एक पाऊल शहरात पडते. कोणी दोन खोल्या भाड्याने घेतो, कोणी कांद्याच्या चार बऱ्या सालांची पुंजी घालून लहानसा फ्लॅट विकत घेतो. जागा पाहताना पाणी किती वेळ येते, शेजार कसा आहे, देवघराला कोपरा कुठे, हे सारे बारकाईने विचारले जाते. विजेच्या बाबतीत मात्र बटण दाबले, दिवा लागला, झाले समाधान! खरी चौकशी तिथूनच पुढे सुरू व्हायला हवी.

गावाकडचा हिशेब निराळा असतो. शेतीपंपाचे बिल अनेक ठिकाणी मीटरवर नव्हे, तर अश्वशक्तीवर निघते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना तर राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. फ्लॅटमध्ये असे काही नाही. तिथे प्रत्येक युनिट मोजले जाते आणि मीटर कोणाच्या नावावर आहे याला फार महत्त्व असते.

जमीन घेताना आपण सातबारा काढतो आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे का ते आधी बघतो. विजेच्या थकबाकीचेही तसेच समजा. जुन्या मालकाने बिल थकवले असेल तर ती बाकी त्या जागेवर बसते, आणि जागा घेणाऱ्याकडून ती वसूल होऊ शकते. महाराष्ट्राच्या वीजपुरवठा नियमांत तशी तरतूद आहे, आणि नियमांत अशी तरतूद असल्यास वीज कंपनीला नव्या मालकाकडून बाकी मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२३ मध्ये दिला. लिलावात स्वस्त मिळालेल्या जागेत हा धोका अधिक, कारण तिथे जुना मालक बहुधा अडचणीत आलेला असतो. म्हणून विसार देण्याआधीच शेवटचे बिल मागून घ्या. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो महावितरणच्या कचेरीत दाखवला की बाकी किती ते कळते. बाकी निघाली तर ती विकणाऱ्याने भरून पावती द्यावी, किंवा तेवढी रक्कम किमतीतून वळती करावी. तोंडी आश्वासनावर राहू नये. चाव्या हातात आल्यावर कोण कोणाला ओळखतो?

ताबा घ्याल त्या दिवशी मीटरचा आकडा ताबापावतीवर लिहा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. आणखी एक काम अवश्य करा. मोठ्या इमारतीत सगळे मीटर तळमजल्यावर एका खोलीत ओळीने असतात. त्यावरचे फ्लॅटचे नंबर कधीकाळी खडूने लिहिलेले, अर्धे पुसलेले. घरात दिवे-पंखे चालू ठेवून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते पाहा. मग वर एकाने मुख्य स्वीच बंद करावा, खाली दुसऱ्याने बघावे. लुकलुकणे थांबले तर मीटर आपला. थांबले नाही तर आपण शेजाऱ्याचे बिल भरणार आहोत, किंवा तो आपले! दूध उतू घालून गृहप्रवेश करण्याआधी ही दहा मिनिटे खर्चावीत.

फ्लॅट विकत घेतला असेल तर मीटर नावावर करून घ्यायला दिरंगाई नको. त्यासाठी ‘यू’ फॉर्म भरतात. सोबत खरेदीखत किंवा इंडेक्स-टू, ओळखीचा पुरावा आणि विकणाऱ्याची संमती जोडावी लागते. विकणारा समोर आहे तोवरच सही घ्या. वर्षभराने तो कुठल्या गावी असेल, सांगता येत नाही. वीज कंपनीकडे प्रत्येक ग्राहकाची सुरक्षा ठेव असते आणि तिच्यावर कायद्याने व्याज मिळते. ती ठेव तुमच्या नावे वळणार की विकणारा परत घेणार, हेही त्याच वेळी ठरवून टाका.

इमारत नवी असेल तर वेगळी काळजी. काही बिल्डर बांधकामासाठी घेतलेल्या जोडणीवरच लोकांना राहायला बोलावतात आणि मनाला येईल तो दर लावतात. स्वतंत्र मीटर बसल्याशिवाय राहायला जाऊ नये, हे उत्तम. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का, तेही विचारावे.

भाडेकरूंचे दुखणे निराळे. तिथे मीटर मालकाच्या नावावरच राहतो. काही मालक सबमीटर लावून युनिटला ठरावीक दर घेतात, आणि तो कंपनीच्या दरापेक्षा चढा असतो. करारात स्पष्ट लिहून घ्या की बिल येईल तेवढेच भरायचे, आणि दर महिन्याला बिल दाखवायचे. यात आणखी एक मेख आहे. घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, ५०० च्या पुढे सर्वांत महाग. टप्पा ओलांडला म्हणून सगळी युनिटे महाग होत नाहीत, वरचीच तेवढी होतात. पण दोन कुटुंबे एका मीटरवर राहिली, की दोघांची युनिटे एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात आणि स्वस्त शंभर एकदाच मिळतात. मीटर वेगळा असलेली खोली थोड्या जास्त भाड्याची असली तरी परवडते.

युनिटचा हिशेब सोपा आहे. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. दोन हजार वॉटचा गीझर रोज पाऊण तास लावला तर महिन्याला ४५ युनिटे जातात. पंच्याहत्तर वॉटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७, आणि नव्या पद्धतीचा तीस वॉटचा पंखा असेल तर अकराच्या आत. म्हणजे गीझर जरा सांभाळून वापरला आणि पंखे बदलले, तरी बिल खालच्या टप्प्याकडे सरकते. थ्री-फेज जोडणीचा हट्ट मात्र धरू नका. तिचा स्थिर आकार सिंगल फेजच्या कितीतरी पट असतो, आणि चार माणसांच्या घराला ती क्वचितच लागते. वापर कमी असला तरी स्थिर आकार चुकत नाही, वर घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क असतेच.

जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाची वीज वेगळ्या सामाईक मीटरवर असते. ती सोसायटीच्या देखभाल खर्चात येते, हे महिन्याचा खर्च मांडताना धरावे.

मुंबईत राहायला जाणाऱ्यांना एक जादा सोय आहे. मुंबई शहरात बेस्टची वीज असते, पण उपनगरांतल्या बऱ्याच भागात टाटा आणि अदानी यांपैकी एक कंपनी निवडता येते. दोघांचे त्या वर्षीचे दर आपल्या युनिटांना लावून पाहावेत आणि मग अर्ज करावा.

‘आज रात्री तुमची वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा संदेश मोबाइलवर आला तर तो नंबर लावू नका. ती पैसे उकळण्याची युक्ती असते. वीज कंपनीला फोन करायचा तर १९१२ वर करावा. बिल चुकीचे वाटले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्याचाही निर्णय पटला नाही तर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत, आणि तिथे आपली बाजू वकिलावाचूनही मांडता येते.