नियमाचा डबा, आवडीचा डबा

जैन घरातील मूल ज्या वयात शाळेत जाऊ लागते, त्या वयात ते जे नियम पाळते ते खरे पाहता आईवडिलांचेच नियम असतात. घरात कंदमूळ येतच नाही. त्यामुळे ते न खाण्यात मुलाचा स्वतःचा असा काही पुरुषार्थ नसतो. त्याच्या नियमाची पहिली स्वतंत्र परीक्षा होते ती शाळेच्या मधल्या सुट्टीत. शेजारच्या डब्यात बटाट्याची भाजी असते, वेफर्स असतात, कांदा घातलेले सँडविच असते. आणि जवळ ना आई असते ना आजी. अशा वेळी स्वतःच्या डब्यातून थंड, वातड पोळी आणि काल-परवाचीच भाजी निघाली, तर मुलाच्या मनात ‘आपल्याला हे चालत नाही’ एवढीच खंत रुजते. हीच खंत पुढे महाविद्यालयात, वसतिगृहात नियम सोडण्याचे निमित्त होते. म्हणून डब्याचा प्रश्न केवळ स्वयंपाकघराचा नाही. तो संस्काराचाही आहे.

पहिल्या सुट्टीचे महत्त्व

आपल्या घरांतील एक गोष्ट इतरांपेक्षा वेगळी आहे आणि डबा भरताना तिचा विचार फारसा होत नाही. ज्या घरी चौविहार पाळला जातो, तेथे मुलाचे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी, हिवाळ्यात सहाच्या आत होते. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. जानेवारीत पुण्याकडे सूर्योदयच सातच्या सुमारास होतो. म्हणजे नवकारशी पावणेआठच्या पुढे जाते. महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याची सूचना केली, त्यामुळे लहान मुलांची सोय झाली. परंतु वरच्या वर्गांतील मुलांची बस अनेक ठिकाणी सातच्या आधीच दाराशी येते. अशा मुलाच्या पोटात सुमारे चौदा तास काहीही गेलेले नसते. त्याच्यासाठी लहान सुट्टीचा डबा हा ‘खाऊ’ नव्हे, तो दिवसाचा पहिला आहार आहे. त्यात दोन बिस्किटे किंवा मूठभर चिवडा ठेवणे म्हणजे मुलाच्या नियमाला आपणच आधार न देणे होय. लहान डब्यात मूगडाळीचे धिरडे, दाण्यांसह पोहे किंवा खाखऱ्याबरोबर पनीर असे काही भरीव असावे आणि मोठ्या डब्यात जेवण असावे.

किती आणि काय

प्रमाणाचा अंदाज घेण्यास एक सोपे माप आहे. शासनाच्या शालेय पोषण आहार योजनेत, म्हणजे आजच्या ‘पीएम पोषण’ योजनेत, पाचवीपर्यंतच्या मुलास एका जेवणात ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. सहावी ते आठवीसाठी तो ७०० कॅलरी व २० ग्रॅम आहे. लहान मुलाच्या त्या ताटात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले असते.

आपल्या डब्याची याच्याशी तुलना करून पाहावी. दोन पोळ्या आणि थोडी दुधीची भाजी यांतून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. निम्मी तूट राहते. त्यात ३० ग्रॅम मूगडाळ आली की सुमारे सात ग्रॅमची भर पडते. ५० ग्रॅम पनीर आले की सुमारे नऊ ग्रॅमची. व्यापारी घरात तूट दिसली की ती कोठून भरून काढायची याचा विचार त्याच दिवशी होतो. येथेही तसाच व्हावा. पोळीच्या कणकेत मूगडाळीचे किंवा हरभऱ्याचे पीठ मिसळणे हा त्यातला सर्वांत सोपा उपाय आहे.

लोह आणि कॅल्शियम या दोन गोष्टींकडेही लक्ष असावे. डाळी व कडधान्यांतील लोह शरीरात नीट शोषले जाण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची साथ लागते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे किंवा डब्यात संत्र्याच्या फोडी द्याव्यात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीचा खाखरा वा लाडू मुले आवडीने खातात. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व शाकाहारात प्रामुख्याने दूध, दही, पनीर यांतूनच मिळते; त्यामुळे दिवसभरात त्यांचा वाटा कमी होऊ देऊ नये.

नियमांतून निघणारे वैविध्य

‘आमच्याकडे इतके वर्ज्य आहे, मग नवीन काय करणार?’ असा प्रश्न अनेक गृहिणी विचारतात. प्रत्यक्षात आपली तिथी-ऋतूंची व्यवस्था स्वतःच पदार्थ बदलावयास लावते.

प्रत्येक पक्षातील द्वितीया, पंचमी, अष्टमी, एकादशी व चतुर्दशी या तिथी पाळणाऱ्या घरांत महिन्याचे दहा दिवस हिरवी भाजी नसते. हे दहा दिवस डाळींचे आहेत असे समजावे: गट्ट्याची भाजी, मंगोडीची भाजी, अख्ख्या मुगाची कोरडी भाजी, बेसनाचे पोळे, डाळीच्या पुरणाची कचोरी. प्रथिनांच्या दृष्टीने हे डबे इतर दिवसांहून सरसच ठरतात. फाल्गुन चातुर्मासीनंतर पालेभाजी, तीळ व खजूर वर्ज्य करणाऱ्या घरांनी मेथीचे ठेपले, तिळाची वडी आणि खजुराचे लाडू यांचा काळ कार्तिक ते फाल्गुन हा धरावा. आंबा आर्द्रा नक्षत्रापर्यंतच. म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या आठवड्यातील डब्यांत त्याच्या फोडी जाऊ द्याव्यात.

बटाट्याची उणीव कच्चे केळे उत्तम भरून काढते. उकडून, कुस्करून त्यात मटार, आले न घालता हिरवी मिरची, जिरे व आमचूर घातले की पराठ्याचे सारण, टिक्की, सँडविच या सर्वांसाठी ते चालते. ‘पावभाजी’ हवी असा हट्ट असेल तर कच्चे केळे, दुधी, फ्लॉवर चालत असल्यास तो, सिमला मिरची व टोमॅटो यांची भाजी करावी.

द्विदलाचे भान मात्र ठेवावे. ठेपल्याच्या कणकेत बेसन असेल तर कच्चे दही घालू नये. दही घालायचे असेल तर ते आधी गरम करावे किंवा बेसन वगळावे. रात्रभर आंबवलेले पीठ ज्या घरी चालत नाही, तेथे रव्याची इडली हा सुरेख पर्याय आहे; रवा गव्हाचा असल्याने दह्याबरोबर द्विदलाचा प्रश्नही येत नाही.

साधारण आठवडा असा बसवता येतो. सोमवारी मूगडाळीच्या पिठाची धिरडी व आत पनीर. मंगळवारी कच्च्या केळ्याचा पराठा. बुधवारी रव्याची इडली व नारळाची कोरडी चटणी. गुरुवारी दुधीचे अथवा मेथीचे ठेपले व शेंगदाण्याची चिक्की. शुक्रवारी मटार, मका व पनीर घातलेला पुलाव. शनिवारी भाजीच्या सारणाची गुंडाळलेली पोळी. तिथी आली की त्या दिवसाची अदलाबदल करावी.

डबा रिकामा परत यावा

ताटात उष्टे टाकू नये, ताट धुऊन प्यावे, ही आपल्याकडील जुनी शिकवण. उष्ट्या अन्नात ४८ मिनिटांनंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते असे शास्त्र सांगते. मग अर्धा खाल्लेला डबा दुपारच्या उकाड्यात चार तास दप्तरात राहतो, तेव्हा काय होते याचा विचार व्हावा. सकाळी कंदमूळ कटाक्षाने टाळून सायंकाळी उष्टे अन्न केराच्या टोपलीत टाकणे सुसंगत नाही. म्हणून डबा मुलाच्या भुकेइतकाच भरावा, आपल्या मायेइतका नव्हे. दोन घास कमी पडले तर ते घरी आल्यावर खाईल.

आठ दिवस एका वहीत काय दिले आणि काय परत आले याची नोंद ठेवावी. बहुतेक वेळा कारण चवीचे नसते. सुट्टी पंधरा मिनिटांची असते आणि पदार्थ खाण्यास वेळ लागतो. झाकण घट्ट बसते आणि लहान हातांना उघडत नाही. गरम पोळी तशीच बंद केल्याने वाफेने ओली होते. पोळी निवल्यावर भरावी, तुकडे एका घासाचे करावेत, डबा स्टीलचा व सहज उघडणारा असावा. रविवारी मुलासमोर दोन-दोन पर्याय ठेवून त्यालाच आठवडा ठरवू द्यावा. स्वतः निवडलेला पदार्थ मूल सहसा परत आणत नाही.

हे काम सुनेचे एकटीचे नाही, हेही सांगावेसे वाटते. पहाटे पाचला उठून ती दोन डबे करते आणि दुकान दहाला उघडते. फळे चिरणे, डबे पुसून भरणे, वही लिहिणे ही कामे घरातील पुरुष व आजोबा सहज करू शकतात.

वर्गातील इतर मुले

पाकिटावरील हिरवे चिन्ह पाहून निश्चिंत होऊ नये. ते चिन्ह पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते. कांदा, लसूण, बटाटा किंवा मध त्यात नाही असे सांगत नाही. घटकांची यादी वाचण्यास मुलांना दुसरी-तिसरीपासूनच शिकवावे. त्यांना त्यात मौज वाटते. वर्षारंभी वर्गशिक्षकांना आपल्या मुलाचे नियम शांतपणे सांगून ठेवावेत, म्हणजे वाढदिवसाच्या केकच्या वेळी त्याला एकट्याने नकार द्यावा लागत नाही.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. मित्राच्या डब्यातील अन्न ‘पापाचे’ आहे असे मुलाच्या कानावर घालू नये. दुसऱ्याच्या ताटाचा तिरस्कार ही हिंसाच आहे आणि तिचे फळ म्हणून मूल एकटे पडते. ‘आम्ही जमिनीखालचे खात नाही, कारण त्यात जीव फार असतात, तू माझा ठेपला खाऊन पाहा’ इतके वाक्य त्याला पुरते. त्यासाठी डब्यात एक ठेपला जास्त ठेवावा. जे मूल आपला डबा चारजणांत वाटून, पुसून रिकामा घरी आणते, त्याला नियम कधी ओझे वाटत नाहीत.