ब्रॉडवे संगीतिकांतील राखीव कलाकार

संगीतिकेतील एखादा कलाकार प्रयोगाला अनुपस्थित राहिल्यास त्याच्या जागी उभे राहण्यासाठी आधीपासून नेमलेल्या व तयार केलेल्या नट, गायक किंवा नर्तकाला राखीव कलाकार म्हणतात. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे रंगभूमीवर अशा कलाकारांचे अंडरस्टडी, स्टँडबाय, ऑल्टरनेट आणि स्विंग असे प्रकार मानले जातात. मराठीतील ‘बदली कलाकार’ हा शब्द यांतील पहिल्या प्रकाराला जवळचा आहे.

ब्रॉडवेवर आठवड्याला साधारणपणे आठ प्रयोग होतात आणि लोकप्रिय संगीतिका वर्षानुवर्षे चालते. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८८ ते २०२३ या काळात १३,९८१ वेळा सादर झाली. इतक्या प्रयोगांत आजारपण, दुखापत, रजा किंवा घरची अडचण हा अपवाद राहत नाही. त्यामुळे राखीव कलाकारांची व्यवस्था संगीतिकेच्या उभारणीतच अंतर्भूत असते.

प्रकार

अंडरस्टडी हा बहुधा समूहातील, म्हणजे एन्सेम्बलमधील, गायक-नर्तक असतो. तो रोज आपले नेहमीचे काम करतो आणि त्याखेरीज एक किंवा अधिक मुख्य भूमिका पाठ ठेवतो. स्टँडबायला रंगमंचावर रोजचे काम नसते. गरज पडेल तेव्हा एखादी मोठी भूमिका करणे एवढीच त्याची जबाबदारी असते. ऑल्टरनेटचे प्रयोग मात्र आधीच ठरलेले असतात. ‘फँटम’मधील क्रिस्टीनची भूमिका गळ्यावर ताण आणणारी असल्याने आठवड्यातील काही प्रयोग दुसरी गायिका करत असे. ‘हॅमिल्टन’मध्ये हाविएर मुन्योझ हे लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे ऑल्टरनेट होते आणि जुलै २०१६ मध्ये मिरांडा बाहेर पडल्यावर ती भूमिका कायमस्वरूपी मुन्योझ यांच्याकडे आली.

स्विंग हा सर्वांत कमी परिचित आणि बहुधा सर्वांत अवघड प्रकार होय. स्विंगला स्वतःची अशी जागा नसते. समूहातील कोणाच्याही जागी जाता यावे म्हणून तो अनेक जागा शिकतो. अंडरस्टडी मुख्य भूमिकेत गेला की समूहातील त्याची जागा रिकामी होते आणि ती स्विंगने भरावी लागते. म्हणजे मुख्य भूमिकेतील एका गैरहजेरीमुळे रंगमंचावर निदान दोन बदल होतात. प्रेक्षकाला त्यांतला एकच जाणवतो.

कार्यपद्धती

समूहातील एका कलाकाराने पडदा उघडल्यापासून शेवटपर्यंत करायच्या सर्व गोष्टींना मिळून ‘ट्रॅक’ म्हणतात. त्यात नृत्य आणि समूहगायनातील स्वर येतातच. शिवाय कोणत्या विंगेतून यायचे, कोणाला उचलायचे, टेबल कोणत्या ओळीनंतर आत न्यायचे, टोपी कोणाच्या हाती द्यायची आणि अंधारात वेश बदलायला किती वेळ आहे, हेही येते. दोन नर्तक एकच पदन्यास करत असले तरी त्यांचे ट्रॅक सारखे नसतात. एक डावीकडे वळतो तेव्हा दुसरा उजवीकडे वळतो, आणि सवय झालेल्या शरीराला हा फरक लक्षात ठेवणे नवे नृत्य शिकण्यापेक्षाही कठीण जाऊ शकते.

जागा ओळखण्यासाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेवर आकडे लिहिलेले असतात. मध्यबिंदूला शून्य धरून दोन्ही बाजूंना ते वाढत जातात. प्रत्येक नृत्यात कोणता नर्तक कोणत्या आकड्यासमोर आणि कितव्या रांगेत आहे, याची आकृत्यांसह वही स्विंग स्वतः तयार करतो. अनेक जण प्रत्येक ट्रॅकला वेगळा रंग देतात, तर काही जण छोट्या चिठ्ठ्या विंगेत जवळ ठेवतात. आता ही वही पुष्कळदा टॅब्लेटवर असते.

तालमींच्या काळात दिग्दर्शकाचे आणि नृत्यदिग्दर्शकाचे लक्ष मूळ संचाकडे असते. स्विंग बाजूला बसून टिपणे काढतो आणि मिळेल त्या कोपऱ्यात सराव करतो. पहिल्या प्रयोगानंतर रंगमंच व्यवस्थापक आणि डान्स कॅप्टन राखीव कलाकारांच्या स्वतंत्र तालमी घेतात. त्यांना साथ बहुधा फक्त पियानोची असते. संपूर्ण वाद्यवृंद, प्रकाशयोजना आणि समोरचा प्रेक्षक हे सारे एकत्र त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा येते ते पुष्कळदा थेट प्रयोगातच.

नृत्याची शिस्त टिकवण्याचे काम डान्स कॅप्टनचे असते आणि हे पद अनेकदा स्विंगकडेच दिले जाते. एकाच दिवशी उपलब्ध स्विंगांपेक्षा जास्त कलाकार गैरहजर असले, तर डान्स कॅप्टन दोन ट्रॅक एकत्र करून एका व्यक्तीला देतो. अशा वेळी नर्तकांची उचल, नेपथ्याची हलवाहलव आणि कथेला आवश्यक असलेल्या वस्तूंची देवाणघेवाण यांची सोय आधी पाहिली जाते. रांगेतील मोकळी जागा त्यानंतर इतरांना थोडे सरकवून झाकली जाते. स्विंगला प्रयोगाच्या मध्यंतरात, क्वचित अंक चालू असतानाही, उभे राहावे लागते. म्हणून प्रत्येकाचे कपडे आणि बूट मापानुसार आधीच शिवून ठेवलेले असतात.

आख्यायिका आणि वास्तव

तारका जखमी होते, समूहातील मुलगी तिच्या जागी उभी राहते आणि एका रात्रीत प्रसिद्ध होते, ही कथा ‘४२ण्ड स्ट्रीट’ या १९३३ च्या चित्रपटाने आणि १९८० मधील त्याच नावाच्या संगीतिकेने जनमानसात रुजवली. तिला आधार अगदीच नाही असे नाही. १९५४ मध्ये ‘द पजामा गेम’मध्ये कॅरोल हेनी यांच्या पायाला दुखापत झाल्यावर समूहातील शर्ली मॅक्लेन यांनी त्यांची भूमिका केली. चित्रपटनिर्माते हॅल वॉलिस यांनी त्यांना रंगमंचावर पाहून करारबद्ध केले आणि १९५५ मध्ये हिचकॉक यांच्या ‘द ट्रबल विथ हॅरी’मधून मॅक्लेन पडद्यावर आल्या. सटन फॉस्टर या ‘थरली मॉडर्न मिली’च्या संचात मुळात अंडरस्टडी होत्या. ब्रॉडवेपूर्वीच्या प्रयोगांच्या वेळी त्यांना मुख्य भूमिका देण्यात आली आणि २००२ मध्ये त्याच भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. ही उदाहरणे वारंवार सांगितली जातात, कारण ती विरळ आहेत. बहुतेक राखीव कलाकार दुसऱ्या दिवशी आपल्या मूळ कामावर परततात. अनेकांनी तर हेच काम कौशल्याचा व्यवसाय म्हणून वर्षानुवर्षे केले आहे.

प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते. कार्यक्रमपत्रिकेतून बदलाची छोटी चिठ्ठी बाहेर पडली की हळहळ ऐकू येते. संगीतिकेच्या नावाच्या वर ज्याचे नाव छापले आहे असा कलाकार नसल्यास तिकीट परत करण्याची किंवा बदलून घेण्याची सोय सामान्यतः असते. समूहातील बदलासाठी ती नसते.

समूहाचे स्थान आणि हक्क

विसाव्या शतकाच्या आरंभी समूहातील नर्तकांना तालमीचे पैसे मिळत नसत आणि बूट व पायमोजेही पुष्कळदा स्वतःच घ्यावे लागत. १९१९ च्या नाट्यकलाकारांच्या संपात ‘कोरस इक्विटी असोसिएशन’ ही त्यांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. १९५५ मध्ये ती ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’त विलीन झाली.

मायकेल बेनेट यांच्या ‘अ कोरस लाइन’ (१९७५) या संगीतिकेचा विषयच समूहातील नर्तक हा होता. १९७४ मध्ये नर्तकांनी ध्वनिमुद्रकासमोर सांगितलेल्या आपल्या आयुष्याच्या हकिकतींवर ती आधारलेली आहे. त्या हकिकतींचे हक्क त्यांनी केवळ एक डॉलर घेऊन दिले होते. पुढे उत्पन्नातील काही वाटा त्यांना देण्यात आला, तरी तो पुरेसा होता का यावर वाद राहिला. संगीतिका १९९० पर्यंत ६,१३७ प्रयोग चालली. तिच्या अखेरच्या नृत्यात सर्व जण सारख्याच सोनेरी पोशाखात येतात आणि दोन तास ज्यांची वेगवेगळी ओळख होत गेली ते नर्तक एकमेकांपासून ओळखू येईनासे होतात.

कोविड-१९ च्या साथीत राखीव कलाकारांकडे सर्वसामान्यांचे लक्ष गेले. डिसेंबर २०२१ मध्ये संसर्गामुळे अनेक प्रयोग रद्द होत असताना ‘द म्युझिक मॅन’मधील सटन फॉस्टर आजारी पडल्या आणि २३ डिसेंबरला स्विंग कॅथी वॉयट्को यांनी मुख्य स्त्रीभूमिका केली. वेळेवर कळल्याने तालमीसाठी त्यांना जेमतेम काही तास मिळाले होते. प्रयोगानंतर ह्यू जॅकमन यांनी प्रेक्षकांसमोर वॉयट्को यांच्यासह सर्व स्विंग व अंडरस्टडी कलाकारांचा गौरव केला आणि त्या भाषणाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. काही दिवसांतच जॅकमन यांनाही संसर्ग झाला.

समूहाची स्वतःची एक परंपरा १९५० पासून चालत आली आहे. नव्या संगीतिकेच्या पहिल्या रात्री, पडदा उघडण्यापूर्वी, समूहातील सर्वाधिक ब्रॉडवे संगीतिका केलेल्या सदस्याला एक सजवलेला झगा दिला जातो. तो घालून सदस्य रंगमंचाला तीन फेऱ्या मारतो आणि सहकारी शुभशकुन म्हणून झग्याला हात लावतात. पुढे त्या संगीतिकेची खूण झग्यावर शिवून तो नंतरच्या संगीतिकेकडे पाठवला जातो. ‘जिप्सी रोब’ हे त्याचे जुने नाव रोमा समाजाला अवमानकारक वाटत असल्याने २०१८ मध्ये बदलून ‘लेगसी रोब’ करण्यात आले.