चोरघंटा आणि तिची शिदोरी

चोरघंटेची खरी कसोटी वीज गेल्यावरच लागते. त्या घटकेला तिला जागी ठेवते ती पेटींतील बॅटरी. बॅटरी जितकी मोठी तितकें घर सुरक्षित, असा पुष्कळांचा समज असतो; पण तो अर्धाच खरा आहे.

हिशेब साधा आहे. यंत्र एरवीं ०.२ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर २४ तासांत ४.८ अँपिअर-तास खर्चीं पडतात. भोंग्यासाठीं आणि बॅटरीच्या वार्धक्यासाठीं चतुर्थांश अधिक धरला म्हणजे ६ होतात. तेव्हां १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते.

आतां दुसरी बाजू. वीजपुरवठा ०.५ अँपिअरचा असेल, तर यंत्राची गरज भागून बॅटरीसाठीं ०.३ उरतात. पुरती रिती झालेली ७ ची बॅटरी भरण्यास दिवसाहून थोडा अधिक वेळ लागतो; १८ च्या बॅटरीस अडीच दिवसही पुरत नाहींत. शिशाची बॅटरी दीर्घकाळ रिती राहिली, कीं तिचें आयुष्य घटतें. आणि मोठ्या बॅटरीच्या मागणीनें अपुरा पुरवठा तापूं शकतो.

म्हणून बॅटरी घेण्यापूर्वीं यंत्रासोबतच्या माहितीपत्रकांतील कमाल मर्यादा अवश्य पाहावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें येथेंही खरें.