ढगात पाऊस आणि बर्फ कसा धरतो? समुद्री कणांचे काम आणि कृत्रिम पावसाची मर्यादा

ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला, की दोन प्रश्न हमखास येतात. ‘ढग भरून येतात, मग बरसत का नाहीत?’ आणि ‘विमान पाठवून पाऊस का पाडत नाहीत?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांपाशी येते. यातील कितीतरी कण आपल्याकडे अरबी समुद्रावरून येतात.

थेंबासाठी मीठ

हवेतील बाष्पाचा थेंब होण्यासाठी त्याला धूळ, धूर किंवा मिठाचा कण लागतो. समुद्रात लाट फुटली, की बुडबुडे तयार होतात. ते पृष्ठभागावर फुटताना बारीक तुषार उडतात. पाणी वाळते, मीठ हवेत राहते आणि नैर्ऋत्य मोसमी वारे ते सह्याद्रीकडे आणतात.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते मीठ हवेतील ओलावा ओढते म्हणून. ढगातही तेच घडते. मिठाच्या मोठ्या कणांवर मोठे थेंब धरतात. ढगातील थेंब साधारण ०.०२ मि.मी. असतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले, तर २ मि.मी.चा पावसाचा एक थेंब होतो. मोठे थेंब खाली येताना लहान थेंबांना सामावून घेतात. घाटमाथ्यावरचा बराच पाऊस असा, बर्फाशिवाय पडतो.

बर्फासाठी वेगळे कण

पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे ५ ते ५.५ कि.मी. उंचीवर शून्य अंश तापमान असते. ढग त्याच्या वर गेला तरी थेंब लगेच गोठत नाहीत. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांपर्यंत द्रव राहू शकतो. त्याआधी गोठण्यासाठी बर्फाची रचना जुळवून देणारा कण लागतो. मीठ इथे उपयोगाचे नाही, कारण ते विरघळते आणि गोठण्याचे तापमान आणखी खाली नेते. हवेतील लाखो कणांत एखादाच कण बर्फ धरू शकतो. त्यांतील मुख्य असे :

• वाळवंटातील व जमिनीवरील खनिज धूळ.
• काही जिवाणू. पानांवर राहणारा सुडोमोनास सिरिंजी उणे २ अंशांच्या आसपासही पाणी गोठवतो, त्यामुळे पिकावरील हिमदाहाला तोही कारणीभूत ठरतो.
• समुद्रातील सेंद्रिय कण. सूक्ष्म शैवालांनी सोडलेल्या पदार्थांचा पातळ थर पाण्यावर असतो. बुडबुडा फुटताना मिठाबरोबर तोही उडतो. हा थर बर्फ धरण्यास मदत करतो, हे २०१५ मध्ये ‘नेचर’ मासिकातील संशोधनात दाखवले गेले.

जमिनीपासून दूर, दक्षिण महासागरासारख्या भागात धूळ कमी पोहोचते. तिथे या सेंद्रिय कणांचे महत्त्व जास्त. आपल्याकडे जमिनीवरची आणि अरबस्तानातून येणारी धूळही ढगात असते.

बर्फाचा स्फटिक धरला, की तो भोवतीचे बाष्प ओढून झपाट्याने वाढतो, जड होऊन खाली येतो आणि वितळून पाऊस होतो. वर जाणारा प्रवाह जोरदार असेल, तर त्यावर थंडगार थेंब गोठत जातात आणि गार बनते.

कृत्रिम पाऊस म्हणजे कणांची भर

ढगाचा माथा पुरेसा थंड असेल, तर बर्फासारखी रचना असलेले सिल्व्हर आयोडाइड वापरतात. उबदार ढगाच्या तळाशी मिठासारखे ओलावा ओढणारे कण सोडतात.

पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात दुसऱ्या पद्धतीचा प्रयोग केला. कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या वापरल्या आणि एकूण २७६ ढग तपासले. काहींत बीजन केले, काही तुलनेसाठी तसेच ठेवले. वाऱ्याच्या दिशेने १०० चौ. कि.मी. क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्के वाढल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा शेतातील अर्थ असा : जिथे १० मि.मी. पडला असता, तिथे सरासरीने सुमारे १२ मि.मी. वाढ खरी आहे, पण तीन आठवड्यांचा खंड तिने भरून निघत नाही.

लक्षात ठेवा

• बीजनासाठी आधी योग्य ढग लागतो. निरभ्र आकाशातून पाऊस काढता येत नाही.
• कृत्रिम पावसाचा दावा ऐकल्यावर विचारा : ढग कोणता, कोणते कण सोडले आणि बीजन न केलेल्या ढगांशी तुलना केली का?
• आवाजाने गारा रोखणाऱ्या तोफांना शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक हवामान संघटनेचे मत आहे. गटाचा पैसा त्याऐवजी द्राक्ष, डाळिंबावरील जाळी किंवा आच्छादनासाठी वापरा.
• खंड लांबला तर विमानाची वाट पाहू नका. कोळपणी करून भेगा बुजवा, पालापाचोळ्याचे आच्छादन द्या आणि शेततळ्यातील पाणी फुलोरा व दाणे भरण्याच्या वेळी द्या.